ॲकूस्टिक गिटार बांधताना जीव नेमका कशावर ओतायचा?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. सुतारकाम हाताला बसलंय, गिटार वाजवणं त्याहून जुनं आहे. आता स्टीलच्या तारांची ॲकूस्टिक गिटार स्वतः बांधायला घेतोय. मी बोटांनी वाजवतो, पिक (तार छेडायची टिकली) क्वचितच. त्यामुळे आकार ओएमसारखा (मार्टिन कंपनीचा मध्यम आकार) आटोपशीर ठेवायचं नक्की आहे. बाकी सगळं अजून मोकळं आहे : टॉपला (खोक्याच्या पुढच्या फळीला) स्प्रूस की सीडर, नेक (तारांखालचा लांब दांडा) खोक्याला बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जोडायची की चौदाव्या, ब्रेस (टॉपला आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या) खरवडून स्कॅलप म्हणजे मध्येमध्ये खोलगट करायचे का, नेकचा सांधा डव्हटेलचा (एकमेकांत अडकणाऱ्या खाचेचा) की बोल्टचा, पाठ आणि बगला कशाच्या.

वाचायला बसलं की निम्मी चर्चा पाठीच्या लाकडाभोवतीच फिरताना दिसते. माझं मत उलट आहे. आवाजाचा निकाल टॉप आणि त्याच्या पोटातले ब्रेस लावतात, पाठीचं लाकूड फार नंतर येतं. ज्यांनी बांधल्यात, दुरुस्त केल्यात किंवा भरपूर वाजवल्यात, त्यांनी सांगावं. पटत नसेल तर खोडून काढावं.

रानवारा
मला नाही पटत. डोळे मिटून शिसवीची आणि महोगनीची गिटार हातात द्या, मी ओळखेन. शिसवीत खर्जाची गुंज रेंगाळते, वरचे स्वर काचेसारखे लागतात. महोगनी कोरडी, सरळ, स्वर लागला की बाजूला होते. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं भ्रम होतं असं कसं म्हणणार?

धूमकेतू
आधी डायल गेज (बारीक अंतर मोजणारं उपकरण) घ्या, लाकूड नंतर. मग सविस्तर बोलू.

षड्जपंचम
रानवारा, या प्रश्नावर दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत.

स्पेनचे गिटार कारागीर अंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार बांधली, जिची पाठ आणि बगला कागदाच्या लगद्याच्या होत्या. टॉप मात्र नेहमीसारखा स्प्रूसचा, आतून पंख्यासारखे पसरलेले सात ब्रेस. आवाज टॉपमधून येतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

दुसरी गोष्ट अलीकडची. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा स्टील-तारी गिटारी बांधून घेतल्या. टॉप, ब्रेस, मापं सगळी सारखी, फक्त पाठ-बगलांचं लाकूड वेगळं : ब्राझिलियन शिसवी, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सापेले, अक्रोड. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, वेल्डिंगचे गॉगल लावून वाजवल्या, म्हणजे लाकूड दिसू नये. आवाजाच्या पसंतीत फरक अगदी थोडा निघाला. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. महाग ब्राझिलियन शिसवी काही पुढे गेली नाही.

रानवारा
वाचलं. माझे कान खोटे पडले असं मला अजूनही वाटत नाही, पण एक मुद्दा मान्य. त्या सहा गिटारींत बाकी सगळं मुद्दाम सारखं ठेवलं होतं. एरवी आपण ज्या शिसवीच्या आणि महोगनीच्या गिटारी शेजारी ठेवून वाजवतो, त्यांच्यात टॉपची प्रत, ब्रेसची खरवड, कधीकधी स्केलसुद्धा (तारेची वाजणारी लांबी) वेगळी असते. फरक खरा असतो, पण तो आपण लाकडाच्या नावावर जमा करतो. तरीही पाठ किती जड, किती ताठ याने काहीच होत नाही असं कुणी म्हणू नये.

सुतारपक्षी
कुणी म्हणतही नाही. पाठ जड आणि ताठ ठेवली की टॉपची हालचाल वाया जात नाही. हलकी ठेवली तर तीही टॉपबरोबर थोडी डोलते आणि आवाजात वेगळी ऊब येते. दोन्ही वाटा चांगल्या. पण हे पाठीच्या वजनाबद्दल आणि तिच्या ब्रेसबद्दल झालं, झाडाच्या जातीबद्दल नाही.

मंद्रसप्तक, मूळ गोम ताठपणा आणि वजन यांच्या नात्यात आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ३ मिमीचा टॉप २.७ वर आणला तर वजन दहा टक्के उतरतं, ताठपणा मात्र सत्तावीस टक्के. ब्रेसचंही तसंच. उंची १६ मिमीची १४ केली की एक तृतीयांश ताठपणा गेला. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्माच होतो आणि वजनही निम्मं. म्हणून ताठपणा राखून वजन उतरवायचं तर ब्रेस अरुंद आणि उंच हवा. बसका आणि रुंद ब्रेस म्हणजे नुसतं ओझं.

हे सगळं कशासाठी? १२-५३ च्या तारांचा संच (बारीक तार ०.०१२ इंच, जाड ०.०५३ इंच) स्वरात लावला की एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. तो टॉपने वर्षानुवर्षं पेलायचा आणि तरी बोटाच्या हलक्या टोच्याला हलायचं. फार दणकट बांधली तर गिटार मुकी होते, फार नाजूक बांधली तर ब्रिजमागे (टॉपवर तारा अडकवायच्या तुकड्यामागे) फुगते. चांगल्या कारागिराचं सगळं कसब या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत असतं. जाडीचा आकडा कुणाकडून उसना घेऊन ती पट्टी सापडत नाही.

एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या वागतात. फळी दोन टोकांवर टेकवा, मध्ये ठरलेलं वजन ठेवा, किती लवते ते गेजवर बघा. आधी रेषांच्या दिशेने, मग आडवी. शिवाय फळीचं वजन करा. स्प्रूस रेषांच्या दिशेने आडव्यापेक्षा दहापटीहून अधिक ताठ असतो, आणि तो आडवा ताठपणा करवत कुठल्या कोनात फिरली यावर ठरतो. वलयं पृष्ठभागाला काटकोनात असतील तर उत्तम. थोडी कलली की तो झपाट्याने घसरतो. त्यामुळे दिसायला गुळगुळीत, बारीक रेषांची फळी घेण्यापेक्षा काटकोनात चिरलेली घ्या, रेषा रुंद असल्या तरी चालतील.

धूमकेतू
बघा, गेज आलंच.

अनाहत
सुतारपक्षी, ब्रेसच्या लाकडाबद्दल एक राहिलं. ते करवतीने कापण्याआधी फाडून घ्यावं. फाडलं की तंतूंची खरी दिशा कळते आणि ब्रेस टोकापासून टोकापर्यंत सलग तंतूंचा होतो. तिरके तंतू असलेला ब्रेस कितीही सुबक दिसला तरी कमी जाडीत दगा देतो.

मी नायलॉनच्या तारांवर वाजवतो, तिथला ताण जेमतेम ४० किलो. म्हणून आमच्याकडे तोर्रेसचे पंखे पुरतात. एक्स-ब्रेसिंग (इंग्रजी X सारखे एकमेकांना छेदणारे ब्रेस) अमेरिकेच्या मार्टिन कंपनीच्या गिटारींत १८४० च्या दशकातच आलं, तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारा रूढ झाल्या तेव्हा त्यांचा ताण झेलायला हीच रचना सापडली. म्हणजे एक्स स्टीलसाठी शोधलेला नव्हता, तो स्टीलला पुरून उरला. आणि तो एकच मार्ग आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी क्लासिकल गिटारीत बाल्सा आणि कार्बन फायबरची जाळी बसवली, टॉप अतिशय पातळ केला, पाठ-बगला जाणूनबुजून जड केल्या. आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मला स्वतःला त्या आवाजात रंग कमी वाटतो, पण विचार म्हणून तो विलक्षण आहे : जे हलायचं ते पिसासारखं, जे स्थिर राहायचं ते घट्ट.

कानस
मी दुरुस्ती करतो, माझी बाजू मांडतो. माझ्याकडे येणाऱ्या गिटारी चुकीच्या लाकडामुळे येत नाहीत. तारा फार वर गेल्या, ब्रिज सुटला, टॉप चिरला, एखादा ब्रेस निखळला, हीच कारणं.

तारा टॉपपासून साधारण १२-१३ मिमी उंचीवर सॅडलवरून (ब्रिजमधल्या उभ्या पट्टीवरून) जातात. तेवढ्या उंचीमुळे ताण ब्रिजला पुढे लोळवायला बघतो. ब्रिजच्या मागे पोट येतं, पुढे साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल छिद्राच्या) बाजूला खळगा पडतो. थोडं पोट असणं हे गिटार जिवंत असल्याचं लक्षण आहे, त्याला घाबरू नका. पण वर्षं जातात तशी नेकही किंचित पुढे झुकते, सॅडल घासून घासून संपतं, आणि मग नेक काढून तिचा कोन सुधारण्याला पर्याय राहत नाही. डव्हटेल असेल तर वाफ सोडून सांधा मोकळा करावा लागतो. बोल्ट असेल तर पाना पुरतो. मंद्रसप्तक, बोल्टच घ्या. डव्हटेलने आवाज सुधारतो असं ठामपणे सांगणारे भेटतील, मला तसा फरक कधी आढळला नाही.

दुसरं, ब्रिजखाली आतून जी पट्टी असते, ती मेपलसारख्या कठीण लाकडाची आणि लहान ठेवा. तारांच्या गुंड्या तिच्यावर अडकतात, म्हणून मऊ चालत नाही. पण सुरक्षिततेच्या नावाखाली ती मोठी आणि जाड केली की टॉप नेमका जिथे सगळ्यात जास्त हलायला हवा तिथेच बांधला जातो.

रानवारा
बोल्टबद्दल मी सहमत. स्कॅलपबद्दल मात्र कानस आणि सुतारपक्षी यांचं जमणार नाही असा अंदाज आहे, होऊन जाऊ द्या.

कानस
जमतं हो. फक्त मी सावध आहे. मार्टिनने १९४४ च्या अखेरीस स्कॅलप करणं थांबवलं, कारण वादक जड तारा चढवत होते आणि टॉप तग धरत नव्हते. ज्याला आज आपण सोन्याच्या मोलाचं मानतो, ते कंपनीने टिकाऊपणासाठी सोडून दिलं होतं.

सुतारपक्षी
आणि १९७६ मध्ये एचडी-२८ हे मॉडेल काढून तेच परत आणलं, कारण लोकांना तो आवाज हवा होता. दोन्ही वेळी कंपनीचं बरोबर होतं. प्रश्न तारांचा आहे. बोटांनी वाजवणारा १२-५३ किंवा त्याहून हलका संच लावणार. त्याच्यासाठी ब्रेस खरवडलेले हवेतच. तुमच्याकडे येतात त्या बहुतेक कुणीतरी गिटारीला न शोभणाऱ्या जड तारा लावलेल्या असणार.

कानस
बऱ्याचदा, हो. तेवढं मान्य. मग बांधणाऱ्याने आत लेबलवरच लिहून ठेवावं की याहून जड तारा लावू नयेत.

अनाहत
हे फार चांगलं. प्रत्येक लेबलवर असायला हवं.

मंद्रसप्तक
इतकं मनापासून लिहिताय, खूप आनंद वाटतोय. आता बारा की चौदा? ऐकून आहे की बारा फ्रेटवाल्या गिटारीचा आवाज भरदार असतो. तो खरंच असतो का, आणि असेल तर कशामुळे?

रानवारा
चौदा फ्रेटची गोष्ट रंजक आहे. पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाला लांब, मोकळी नेक हवी होती. त्याच्या मागणीवरून मार्टिनने १९२९ मध्ये ओएम काढली, नेक चौदाव्या फ्रेटवर जोडलेली. त्यासाठी खोक्याचे खांदे आखूड केले. म्हणजे तुम्ही जो आकार घेताय तो मुळातच वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचावा म्हणून जन्मला.

षड्जपंचम
कशामुळे ते मी सांगतो. स्केल ६३२ मिमी धरा. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत ३१६ मिमी, चौदाव्यापासून सुमारे २८२. म्हणजे खोका तोच ठेवून बाराव्यावर जोडली तर ब्रिज जवळजवळ ३४ मिमी मागे सरकतो, खालच्या फुगीर भागाच्या मध्याकडे. तिथे टॉप जास्त मोकळेपणाने हलतो. एक्सचा छेद बिंदूही त्याबरोबर मागे न्यावा लागतो, तो नुसता नकाशावरून उतरवू नका.

स्केलचंही बोलून घेऊ. ६४५ मिमीऐवजी ६३२ घेतली तर त्याच तारांचा ताण सुमारे चार टक्के कमी होतो. आकडा छोटा दिसतो, पण बोटांना तार लगेच मऊ लागते आणि मींड घेताना सुख मिळतं. उलट तार सैल करून खालचे स्वर वापरणार असाल तर लांब स्केल बरी, नाहीतर खर्ज लडबडतो.

अजून एक, खोक्यातल्या हवेचा स्वतःचा स्वर असतो. बहुतेक स्टील-तारी गिटारींत तो १०० हर्ट्झच्या आसपास येतो, टॉपचा मुख्य स्वर त्याच्या वर, १८०-२०० च्या परिसरात. खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिचा मूळ स्वर गिटार फारसा उचलतच नाही. वरच्या अंशस्वरांवरून (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांवरून) आपला कान तो भरून काढतो. साउंडहोल लहान केलं किंवा खोका खोल केला की हवेचा स्वर खाली उतरतो. तो, किंवा टॉपचा मुख्य स्वर, नेमका एखाद्या फ्रेटच्या स्वरावर बसला तर तो स्वर दणकन वाजतो आणि लगेच विझतो, शेजारच्या स्वरांची आस मात्र लांब. म्हणून हे दोन्ही स्वर दोन फ्रेटच्या मध्ये कुठेतरी पडतील असं बघावं. तारा चढवण्याआधी टॉपवर बोटाने ठोकून फोनवर आलेख बघता येतो.

सुतारपक्षी
आणि तो जागेवर नसला तर साउंडहोलमधून हात घालून ब्रेस किंचित तासता येतात, छोट्या रंध्याने. बेताने. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

रानवारा
थोडं विषयांतर करतो, पण वादक म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. आवाजावर इतकं बोलतो आपण, आणि खांदा दुखला की गिटार कोपऱ्यात जाते. कॅनडाच्या लिंडा मॅन्झर यांनी खोका वादकाच्या अंगाकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, कमी खोल आणि गुडघ्याकडे जास्त खोल केला. आतली हवा जवळपास तेवढीच राहते आणि हात कितीतरी सहज पडतो. आता अनेक कारागीर हे करतात. बगलेत वादकाच्या तोंडाकडे छोटं छिद्र ठेवणं हीसुद्धा अशीच गोष्ट : बाहेरच्या श्रोत्याला फार फरक नाही, स्वतःला मात्र आपलं वाजवणं स्वच्छ ऐकू येतं. नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदीही आत्ताच ठरवा. बोटांनी वाजवणाऱ्याला ४४.५ मिमी सोयीची, ४३ मध्ये बोटं एकमेकांत अडकतात.

अनाहत
छिद्र ठेवलंत तर हवेचा स्वर थोडा वर चढेल, षड्जपंचम यांचं गणित तेवढं पुन्हा करावं लागेल.

षड्जपंचम
अगदी. आधीच धरून चाला.

कानस
लाकडावर परत येतो, कारण रानवाराला मी अर्धवट सोडलं असं वाटेल. शिसवीचं मोल मी कमी करत नाही. ती वाकवायला गुणी आहे, दिसते देखणी. पण जंगलाचाही विचार करा. ब्राझिलियन शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळपास बंद आहे. २०१७ च्या जानेवारीत डाल्बर्जिया (शिसवीच्या) वंशातल्या सगळ्याच जाती साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) नियंत्रणाखाली आल्या, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. आवाजात इतका कमी फरक पडत असेल, तर दुर्मीळ झाड का तोडावं? अक्रोड, मेपल, सापेले यांतलं जे चांगलं वाळलेलं मिळेल ते घ्या.

रानवारा
या मुद्द्यावर माझा विरोध नाही. मनापासून सहमत.

मंद्रसप्तक
सगळे प्रतिसाद पुन्हा नीट वाचले. माझा आराखडा असा बनतोय : ६३२ मिमी स्केल, बारा फ्रेट, बोल्टचा सांधा, एक्स-ब्रेसिंग, फाडून घेतलेल्या स्प्रूसचे उंच-अरुंद स्कॅलप केलेले ब्रेस. नट ४४.५. पाठ-बगला अक्रोडाच्या. टॉपबद्दल मन सीडरकडे झुकतंय, कारण माझा हात हलका आहे. आणि लेबलवर तारांची ताकीद लिहिणारच. सीडरमध्ये काही धोका?

सुतारपक्षी
हलक्या हाताला सीडर झटकन उत्तर देतो, निवड योग्य आहे. पण तो स्प्रूसपेक्षा मऊ आणि कमी ताठ. टॉप थोडा जाड ठेवावा लागेल, किती ते लवून बघितल्यावरच. नखाचाही व्रण पडतो, तेव्हा काम करताना बाकावर लाकडाचा कणही राहू देऊ नका. ब्रिज चिकटवताना पॉलिशचा थर काठापर्यंत पूर्ण काढा, पण खालचे तंतू खरवडू नका. सीडरचे वरचे तंतू ब्रिजबरोबर उचलले गेलेले मी पाहिलेत. पॉलिश पातळ हवं. लाखेचं हाताने केलेलं सगळ्यात हलकं, जपावं मात्र लागतं.

कानस
आणि हवा कोरडी असेल तेव्हाच ब्रेस चिकटवा. सापेक्ष आर्द्रता ४०-४५ टक्के. हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. दमट हवेत फुगलेल्या टॉपवर आडवे ब्रेस चिकटवले की पुढे कोरडा काळ आला की टॉप आकसू बघतो, ब्रेस त्याला आकसू देत नाहीत, आणि टॉप रेषेवर उभा चिरतो. उलट कोरड्या हवेत बांधलेली गिटार दमट दिवसांत थोडी फुगते, तारा किंचित वर येतात, एवढंच. खोलीत आर्द्रतामापक टांगा. फळ्याही त्याच खोलीत काही आठवडे पडून राहू द्या.

मंद्रसप्तक
नोंद केली. सॅडलची जागा नकाशावरून घेऊ का?

षड्जपंचम
नकाशावरची जागा अंदाजासाठी. फ्रेटवर दाबली की तार ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून सॅडल बारीक तारेकडे दोनेक मिमी आणि जाड तारेकडे चार-पाच मिमी मागे जातं. नेमकं किती ते तारा आणि त्यांची उंची ठरवते.

सुतारपक्षी
म्हणून खाच कोरायची घाई करू नका. आधी नेक बसवा. लांब सरळपट्टी फ्रेटवर ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकलं पाहिजे. खाली आपटलं तर कोन परत घ्या, बोल्ट असल्यामुळे जमेल. मग ब्रिज चिकटवा, तात्पुरत्या हलत्या सॅडलवर तारा चढवा, बाराव्या फ्रेटचा स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता हलकं स्पर्शून काढलेल्या स्वराशी) जुळवा, प्रत्येक तारेची खूण करा, आणि त्या खुणांवर खाच घ्या. टॉप लववल्याचे आकडे आले की इथे टाका, जाडी त्यावरून बोलू.